दोन गावांची एक शाळा

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘समूहशाळा आणि मुली’ असं लिहिलं आहे. पण मी बराच वेळ बोलणार आहे ते अमेरिकेतल्या आयोवा नावाच्या शेतीप्रधान राज्याबद्दल. का, ते आधी सांगते.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याच्या शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयातून एक पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभ्या करण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. अशा शाळा राज्यात पावणेपंधरा हजारांच्या घरात होत्या. त्यांतली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, आणि शिक्षक साडेएकोणतीस हजारांच्या वर. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, दहा किंवा त्याहून कमी पटाच्या तेराशेवर शाळांचं ‘समायोजन’ करायचं ठरलं होतं. म्हणजे हा विषय एका पत्रापुरता नाही. सरकार बदलतं, फाईल तीच राहते.

त्या वेळी आपण सगळ्याजणी बोललो ते अंतराबद्दल. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी, हे आपण सांगितलं. ओढा सांगितला, घाट सांगितला, वयात आलेल्या मुलीला एकटीला न पाठवणारं घर सांगितलं. त्यात काहीही चूक नव्हतं. त्यावर उत्तर आलं, बस देऊ. आता क्षणभर धरून चाला की बस दिली. खरोखर दिली, रोज वेळेवर आली, दार नीट लागतं आणि आत छेड काढणारा कुणी नाही. मग मुलींचा प्रश्न संपला का? आणि शाळेशी बांधलेल्या बाकीच्या बायकांचं काय?

याचं उत्तर शोधायचं तर बसचा प्रश्न फार पूर्वी सुटला अशी जागा पाहायला हवी. म्हणून आयोवा. तिथे लहान शाळा एकत्र करण्याचा उद्योग शंभर वर्षांहून जास्त काळ चालला आहे. मी तिथे गेलेली नाही. जे सांगते ते वाचून, जुळवून सांगते.

आयोवा क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. लोकसंख्या आजही बत्तीस लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी. मका, सोयाबीन, डुकरं. काळी, सपाट, कसदार जमीन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या एवढ्याशा राज्यात बारा हजारांहून अधिक एकखोली शाळा होत्या. साधारण दर दोन मैलांवर एक. एक खोली, एक शेगडी, पहिलीपासून आठवीपर्यंतची मुलं एकत्र, आणि एक बाई. आपल्या वस्तीशाळा पाहिलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

‘बाई’ हा शब्द मी सहज वापरत नाही. या शाळांमधून शिकवणाऱ्या बहुतांशी बायकाच होत्या, तरुण, अविवाहित. पगार पुरुष शिक्षकापेक्षा कमी. लग्न केलं की नोकरी गेली, असा नियम अमेरिकेतल्या कितीतरी शाळामंडळांचा १९४० च्या दशकापर्यंत होता. सकाळी शेगडी पेटवायची तिनं, झाडायचं तिनं, आठ इयत्ता सांभाळायच्या तिनं. म्हणजे ‘जुनं ते सोनं’ म्हणून मी हे सांगत नाही. त्या खोलीत शोषण होतंच.

पण त्याच खोलीत आणखी काही होतं. त्या चार भिंतींत तिच्यावर कुणी नव्हतं. काय शिकवायचं, वेळ कसा वाटायचा, कुणाला पुढे ढकलायचं, हे ती ठरवायची. गावच्या नजरेत ती ‘शाळेची बाई’ होती. एखाद्या साहेबाच्या हाताखालची नव्हे. आणि या पायरीवरून काही जणी वर गेल्या. १८६९ साली आयोवातल्या मिचेल काउंटीत ज्युलिया अॅडिंग्टन ही शिक्षिका सगळ्या काउंटीच्या शाळांची प्रमुख म्हणून निवडून आली. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा विभाग. देशातल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला १९२० मध्ये. त्याच्या पन्नास वर्षं आधी एक बाई शाळांच्या कारभारावर निवडून आली! तिला पद घेता येतं की नाही यावर राज्याच्या महाधिवक्त्याचं मत घ्यावं लागलं, आणि ते तिच्या बाजूनं पडलं. पुढे १८९४ मध्ये आयोवातल्या बायकांना मर्यादित मतदानाचा हक्क मिळाला, तोही शाळेसाठी कर्ज काढायचं का, कर लावायचा का, असल्या प्रश्नांवर. सार्वजनिक जीवनाचं दार बायकांना पहिल्यांदा किलकिलं झालं ते शाळेच्या बाजूनं. आपल्याकडेही पंचायतीत निवडून आलेल्या कितीतरी जणींनी बोलायला सुरुवात केली ती शाळेच्या प्रश्नावरच.

मग एकत्रीकरण आलं. शिक्षणतज्ज्ञ, विद्यापीठं, राज्य सरकारं सगळी एका सुरात सांगू लागली की लहान शाळा म्हणजे मागासलेपण, मोठी शाळा म्हणजे कार्यक्षमता. रस्ते झाले, मोटारी आल्या. १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात फ्रँक सायर या ग्रामीण शिक्षणाच्या प्राध्यापकानं परिषद भरवली आणि शाळेच्या बसची मापं नि रंग ठरवले. तो पिवळा रंग. आपल्या शहरांतल्या इंग्रजी शाळांच्या बसनाही तोच रंग असतो, तो तिथून आला. अमेरिकेत १९३९-४० साली १ लाख १७ हजारांवर शाळामंडळं होती. आज ती तेरा हजारांच्या आसपास आहेत. आयोवात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला साडेचार हजारांच्या घरात असलेली मंडळं १९६० च्या दशकाअखेर साडेचारशेच्या घरात आली. दहातली एक उरली.

आता हे काही गोडीगुलाबीनं झालं नाही. शेजारची दोन गावं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रतिस्पर्धी. दर शुक्रवारी रात्री एकमेकांविरुद्ध सामने, एकमेकांच्या रंगांची टवाळी. त्यांना सांगायचं की उद्यापासून तुमची एकच शाळा. मग भांडणं कशावरून? नाव कुणाचं आधी, रंग कुणाचे, संघाचं नाव काय, इमारत कुठल्या गावात. कित्येक ठिकाणी तोडगा म्हणून दोन्ही गावांच्या मधोमध, मक्याच्या शेतात, शाळा बांधली. कुणाच्याच गावात नको! नावाला जोडचिन्ह लावून दोन गावं चिकटवली. तिसरं गाव आलं की आणखी एक जोडचिन्ह. पुढे नावं मावेनात, तेव्हा नुसती आद्याक्षरं.

या भांडणात एक गोष्ट लक्षात येते. नाव, रंग, इमारत यांवर रात्र-रात्र सभा झाल्या. पण दोन शाळांच्या दोन मुख्याध्यापिका आहेत, त्यांतली कुठली राहणार, यावर गावानं सभा घेतल्याचं फारसं वाचायला मिळत नाही. ते कार्यालयात ठरायचं. १९२८ साली अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांच्या प्रमुखांमध्ये निम्म्याहून अधिक, ५५ टक्के, बायका होत्या. १९६८ मध्ये २२ टक्के. हे एकट्या एकत्रीकरणानं झालं असं मी म्हणणार नाही; महायुद्धावरून परतलेल्या पुरुषांना नोकऱ्या, पदासाठी वाढवलेल्या पदव्या, अशी बरीच कारणं आहेत. पण शाळा जशी मोठी झाली तशी तिथे खुर्ची आली, खुर्चीला पगार आला, आणि पगार आला की पुरुष आला. हा क्रम आपल्या ओळखीचा आहे.

आता मुलींकडे येते, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. कारण ही गोष्ट बास्केटबॉलची आहे आणि आपण शाळांवर बोलताना खेळाकडे फार कमी पाहतो.

आयोवातल्या मुली एक वेगळा बास्केटबॉल खेळायच्या. संघात पाच नव्हे, सहा जणी. तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात आणि तिघी दुसऱ्या अर्ध्यात. मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. चेंडूचे दोनच टप्पे, मग तो दुसरीला द्यायचा किंवा टोपलीत टाकायचा. का, तर पूर्ण मैदानभर धावणं मुलींच्या नाजूक प्रकृतीला झेपणार नाही! नियम असा अपमानातून आलेला. पण मुलींनी तो असा काही आपलासा केला की १९२० पासून राज्यभराची स्पर्धा सुरू झाली आणि गावंच्या गावं तिच्यामागे वेडी झाली. घरी गोठा काढणाऱ्या, धान्य भरणाऱ्या मुलींची प्रकृती नाजूक आहे हे त्यांच्या आयांना तरी कोण पटवणार होतं?

गंमत बघा. त्याच काळात देशभरात मुलींच्या चढाओढीच्या खेळांविरुद्ध मोहीम निघाली, आणि ती चालवणाऱ्या होत्या शिकलेल्या, वरच्या वर्गातल्या बायका. १९२३ साली त्यांची जी राष्ट्रीय शाखा स्थापन झाली तिच्या प्रमुख लू हेन्री हूवर, पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झालेल्या, आणि जन्मानं आयोवाच्याच! सामने नकोत, प्रेक्षक नकोत, मुलींनी आपापसात आनंदानं खेळावं, असं त्यांचं म्हणणं. त्यामागे मुलींचं प्रदर्शन होऊ नये ही काळजीही होती, ती मी उडवून लावत नाही. पण परिणाम असा झाला की मोठ्या शहरांतल्या मोठ्या शाळांनी मुलींचे संघ बंद केले. १९२५ मध्ये आयोवातल्या शालेय क्रीडासंघटनेनंही मुलींच्या सामन्यांतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. तेव्हा लहान गावांच्या शाळाप्रमुखांनी वेगळी चूल मांडली आणि मुलींसाठी स्वतंत्र संघटना काढली. ते सगळे पुरुष होते. मुलींच्या मुक्तीसाठी त्यांनी ते केलं असं समजायचं कारण नाही. त्यांच्याकडे मुलंच कमी होती! गावात थंडीच्या रात्री दुसरी करमणूक नव्हती, तिकिटाचे पैसे शाळेला हवे होते, आणि मुलींना वगळून गावाचा संघ होत नव्हता. मुली लागत होत्या, म्हणून त्यांना जागा होती.

हे वाक्य माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून थांबून सांगते. लहान शाळेत प्रत्येक मूल लागतं. नाटकात लागतं, वाद्यवृंदात लागतं, कवायतीत लागतं. वीस पोरांच्या शाळेत दहा मुली असतील तर त्यांना घेतल्याशिवाय काहीच उभं राहत नाही. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोघांनी कॅन्सस राज्यातल्या लहान-मोठ्या शाळा तपासून १९६४ साली पुस्तक लिहिलं. त्यात हेच निघालं: मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण एकेका मुलाच्या वाट्याला जबाबदारीचं काम लहान शाळेतच जास्त येतं. मोठ्या शाळेत बरीच मुलं प्रेक्षक होतात. आणि प्रेक्षकांत आधी कोण जाऊन बसतं ते मी सांगायला नको.

आयोवात युनियन आणि व्हिटन ही शेजारशेजारची गावं. दोन्ही गावांची मिळून शाळा, युनियन-व्हिटन. व्हिटनची वस्ती तेव्हा दोनशेच्या आसपास. या शाळेचा मुलींचा संघ १९६८ साली राज्याच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर एव्हर्ली, तेही छोटंसंच गाव. राजधानी डे मॉइनचं पंधरा हजारांचं सभागृह भरलेलं. एव्हर्लीच्या जीनेट ओल्सननं ७६ गुण केले, युनियन-व्हिटनच्या डेनिस लाँगनं ६४. सामना वाढीव वेळेत गेला आणि युनियन-व्हिटननं ११३-१०७ असा जिंकला. डेनिस लाँगनं शालेय कारकिर्दीत सहा हजारांहून अधिक गुण केले. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघानं तिची निवड जाहीर केली. तशी निवड झालेली ती पहिली बाई. लीगच्या आयुक्तांनी निवड रद्द केली. त्या देशात तिच्यासारखीला पुढे खेळायला तेव्हा जागाच नव्हती. कळस होता तो शाळेतल्या सामन्याचा, अठराव्या वर्षी संपणारा.

एकत्र केलेल्या शाळेतून हे घडलं, हे मी मुद्दाम सांगते. एकत्रीकरण वाईटच, असा माझा सूर नाही. दोन लहान गावं एकत्र आली, तरीही शाळा लहान राहिली. मुली लागतच होत्या.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. १९८० च्या दशकात आयोवाच्या शेतीवर मोठं संकट आलं. जमिनीच्या किमती कोसळल्या, कर्जं थकली, शेतं लिलावात गेली, कुटुंबं गावं सोडून निघाली. शाळांचा पट उतरला. आता युनियन-व्हिटनलाही एकटं राहता येईना. शेजारी बीमन, कॉन्राड आणि लिस्कम या तीन गावांची आधीच एकत्र झालेली शाळा होती. १९९० च्या दशकात दोन्ही मिळून एक झाली. पाच गावं, तीन काउंट्या. शाळेचं नाव बीसीएलयूडब्ल्यू, पाच गावांची पाच आद्याक्षरं. उच्चारून बघा! पाचांतलं मोठं गाव कॉन्राड, वस्ती हजार-अकराशे, आणि ते स्वतःला जगातल्या काळ्या मातीची राजधानी म्हणवतं. वरचे वर्ग कॉन्राडला, मधले वर्ग युनियनला, अशी वाटणी झाली. व्हिटनच्या वाट्याला एक आद्याक्षर.

त्याच सुमारास, १९९३ मध्ये, सहा जणींचा खेळही बंद झाला. त्यालाही दोन बाजू आहेत. १९७२ साली शिक्षणात लिंगभेद नको असा कायदा झाला, मग शहरांतल्या शाळांना मुलींचे संघ काढावे लागले आणि त्यांनी पाच जणींचा, मुलग्यांसारखा खेळ घेतला. सहा जणींच्या खेळामुळे विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळत नाहीत म्हणून १९८० च्या दशकात काही मुली कोर्टातही गेल्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं. समान नियम मिळाले, पुढचं दार उघडलं. पण सहाऐवजी पाच जणी, दोन शाळांऐवजी एक शाळा, आणि बाराऐवजी पाच मुली मैदानावर. बाकीच्या सात जणी कुठे गेल्या याचा हिशोब कुठल्याच कागदावर नसतो. आणि सराव शाळा सुटल्यावर. पिवळी बस सुटते शाळेबरोबर. सरावानंतर दुसरी बस नसेल तर जिच्या आईकडे गाडी आहे आणि वेळ आहे, तीच मुलगी संघात. बस आली, वेळेवर आली, तरी मुलगी सुटली ती अशी.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर अर्धवट होईल. आयोवातली दोन गावं भांडली तरी ती बहुतांशी एकाच वर्णाची होती. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, हा माणुसकीचा विजयच होता. पण शाळा एकत्र करताना बंद झाल्या त्या बहुतेक काळ्यांच्या शाळा. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत सुमारे ३८ हजार काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक कामावरून गेले. मुलं एकत्र आली. शिकवणारे, आणि त्यांत मोठ्या संख्येनं असलेल्या काळ्या शिक्षिका, बाहेर. ‘एकत्रीकरण’ हा शब्द ऐकला की कुणाची शाळा कुणाच्या शाळेत, हे विचारायचं ते यासाठी. आपल्याकडे दोन गावांमधलं वैर रंगाचं आणि सामन्याचं नसतं. ते वाडीचं आणि गावठाणाचं असतं, बौद्धवस्तीचं आणि पाटीलवाड्याचं असतं, पाड्याचं आणि रस्त्यावरच्या गावाचं असतं. समूहशाळा पाड्यावर झाल्याचं कुणी ऐकलं आहे का?

आता घरी येऊ. काल गटचर्चेत एक ताई म्हणाल्या, ‘‘आमच्या वाडीतली शाळा गेली तर पोरं जातील हो बसनं, पण खिचडी करणारी ती बाई काय करील?’’ चर्चा पुढे सरकली आणि त्यांचा मुद्दा मागे पडला. मला तो मुद्दाच आधी घ्यायचा आहे.

हिशोब मांडते. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० पर्यंत दोन. पाच वाड्यांच्या पाच शाळा, प्रत्येकीत पंधरा मुलं, तर पाच बाया कामाला. त्याच पाच शाळा एकत्र केल्या, मुलं झाली पंचाहत्तर, तर बाया दोन. तीन घरी. या बाया कोण असतात ते आपल्याला माहीत आहे: एकट्या, विधवा, भूमिहीन, बचत गटातल्या. मानधन तुटपुंजं, तेही उशिरा. पण वाडीत राहून मिळणारं ते एकच रोख काम. आणि ती उरलेली दोन कामं समूहशाळेच्या गावातल्या बायांना मिळणार, वाडीतल्या नव्हे. कारण मुलांना बस आहे, तिला कुणी बस दिलेली नाही.

दुसरा हिशोब समितीचा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात. एका समितीत बारा जण धरा. पाच शाळांच्या पाच समित्या म्हणजे साठ जागा, त्यांत तीस बायका. मी मान्य करते की यांतल्या कितीतरी सह्यांपुरत्या असतात, नवरा सांगेल तिथे अंगठा. तरीही तीस जणींना शाळेच्या व्हरांड्यात बसायचा, गुरुजींना प्रश्न विचारायचा अधिकार कागदावर तरी असतो, आणि कागदावरचा अधिकार खरा करायचं कामच आपण करतो. शाळा एक झाली की समिती एक. सहा बायका. सभा सात किलोमीटरवर, दुपारी, मजुरी बुडवून. वाडीतली कोण जाईल?

तिसरा मुद्दा शिकवणाऱ्या बाईंचा. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाचं काम बघणाऱ्या कितीतरी शिक्षिका आपल्या ओळखीच्या आहेत. अधिकृत पद नाही, नुसता ‘प्रभारी’ शिक्का. पण शाळा त्या चालवतात. एकत्र झाल्यावर सेवाज्येष्ठता लागते, बदल्या होतात, आणि त्या परत फक्त वर्गावर येतात. पगार तोच राहतो, त्यामुळे तक्रार कुठे करणार? त्यातून मुलींच्या डोळ्यांसमोरून काय जातं, ते पगारपत्रकात दिसत नाही.

आणि बसबद्दल. मानव विकासच्या निळ्या बसनं आणि एसटीच्या मोफत पासनं मुलींचं भलं केलं आहे, हे मोकळेपणानं सांगायला हवं. हजारो मुली त्यामुळे पाचवीच्या पुढे गेल्या. पण शाळा सुटल्यावर खो-खोचा सराव, विज्ञान प्रदर्शनाची तयारी, गॅदरिंगची तालीम यांसाठी थांबलेल्या मुलीला परत आणणारी दुसरी फेरी किती ठिकाणी आहे? पत्रात ‘दर्जेदार शिक्षण, खेळ, मैदान, समवयस्कांची सोबत’ ही सगळी कारणं समूहशाळेसाठी दिली जातात. ती खोटी नाहीत. चार पोरांच्या शाळेत मुलीला मैत्रीण मिळत नाही, हेही खरंच आहे. म्हणूनच विचारायचं, की ज्या मैदानासाठी शाळा हलवली त्या मैदानावर संध्याकाळी पाच वाजता मुली असतील का?

आयोवाकडून घ्यायची गोष्ट एकच आहे असं मला वाटतं, आणि ती खेळाची नाही. तिथे मंडळं एकत्र करायची तर मतदान होतं, आणि दोन्ही बाजूंची मतं वेगवेगळी मोजतात. मोठ्या गावाच्या बेरजेत लहान गाव बुडत नाही. आपल्याकडे प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून वर जातो आणि वाडीला कळतं ते जूनमध्ये. ग्रामसभेचा ठराव घेतलाच तर तो गावठाणाच्या ग्रामसभेचा, ज्यात वाडीची माणसं मोजकी आणि बायका त्याहून मोजक्या. वाडीची वेगळी सभा, बायकांची वेगळी सभा, ठराव वेगळा, मतं वेगळी, हे आपण आधीच करून ठेवायला हवं. पत्र आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. तोवर बैठका त्यांच्या झालेल्या असतात.

मी ठरावाचा एक मसुदा करून आणला आहे, प्रती वाटतील. त्यात शाळा हलवायला नकार द्यायचा की अटींवर मान्यता द्यायची, ही दोन्ही वाक्यं ठेवली आहेत. आपल्याला नको ते खोडा. प्रत्येक वाडीची बाई नव्या समितीत असलीच पाहिजे, संध्याकाळची दुसरी फेरी, आणि रिकामी झालेली इमारत कुणाच्या ताब्यात जाणार, अंगणवाडीला की महिला मंडळाला की सरपंचाच्या गोदामाला, हे त्यात लिहिलं आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या कलमात मी आकडा आणि नावं मोकळी सोडली आहेत. ती जेवणानंतर गावागावाच्या गटात बसून भरायची आहेत.